आवाज तुटत नव्हता

डेटन, ओहायो
१२ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

पत्र बघून दचकू नका. इकडे सगळं ठीक आहे. नोकरी शाबूत आहे, पोरगी शाळेत जाते, तुमच्या सूनबाईंनी परसात लावलेल्या मिरच्यांना एकदाची फळं धरलीत. फोनवर सांगता आलं असतं तर फोनच केला असता. पण हल्ली फोनवर आई, तू बोलतेस, मी बोलतो आणि बाबा शेजारी बसून मान हलवतात. "हलवली बघ मान," असं तू सांगतेस. आता त्या मानेशी मी किती बोलणार? म्हणून कागद घेतला. अक्षर बिघडलंय, सांभाळून घ्या. आई, वाचायला तूच घेशील, पण वाचून झालं की बाबांच्या हातात दे.

तर मला एका रेकॉर्डबद्दल सांगायचंय. काळी तबकडी, जुनी, १९८० सालची. आमच्या पलीकडच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक काळे गृहस्थ राहतात. डेटनजवळच्या मोरेन गावी जनरल मोटर्सच्या मोटारींच्या कारखान्यात होते. २००८ साली, नाताळच्या दोन दिवस आधी, तो कारखाना बंद झाला. आपल्याकडे माग भंगारात गेले तेव्हाचे दिवस आठवा, म्हणजे ह्यांची गोष्ट वेगळी सांगायला नको. मे महिन्यात त्यांनी तळघर आवरायला काढलं आणि अंगणात टेबल मांडून सामान विकायला ठेवलं. मी स्क्रू ड्रायव्हरचा संच बघत होतो. त्यांनी खोक्यातून एक रेकॉर्ड उपसून माझ्या हातात दिली. म्हणाले, ही आमच्याकडची पोरं. तीन डॉलर घेतले आणि तबकडी फिरवायचं यंत्र फुकट दिलं. सुई मात्र मला नवी घ्यावी लागली, ती तबकडीच्या दहापट महाग पडली. आई, हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय.

बँडचं नाव झॅप आणि रेकॉर्डचं नावही झॅपच. हॅमिल्टन नावाचं गाव आहे, डेटनहून मोटारीनं तासाभराच्या आतबाहेर. दोन्ही गावं एकाच नदीवर. (ह्या हॅमिल्टननं १९८६ साली ठराव करून आपल्या नावापुढे उद्गारचिन्ह लावून घेतलं. लोकांनी लक्ष द्यावं म्हणून. इचलकरंजीच्या नगरपालिकेला हे सुचलं नाही ते बरं झालं.) तिथले ट्राउटमन भाऊ. रॉजर मुख्य, मग लॅरी, लेस्टर आणि टेरी. टेरीला घरात झॅप म्हणायचे, तेच नाव बँडला पडलं.

ह्या टापूतून त्या काळात इतके बँड निघाले की डेटनला फंकची राजधानी म्हणतात. ओहायो प्लेअर्स इथले, स्लेव्ह इथले, लेकसाइड इथले. शेजारचे गृहस्थ म्हणतात, त्यात जादू काही नव्हती. कारखान्यांत पगार बरे होते, शाळाशाळांत बँड शिकवणारे मास्तर होते आणि बाप पोराला हप्त्यावर का होईना, सॅक्सोफोन घेऊन देऊ शकत होता.

फंक म्हणजे काय, हे बाबा, तुम्हाला एका वाक्यात सांगतो. समेवर यायचं. बाकीच्या मात्रांत काय हवी ती नक्षी काढा, आडवंतिडवं जा, पण पहिल्या मात्रेवर सगळ्यांचा पाय एकदम पडला पाहिजे. इंग्रजीत ह्याला नुसतं 'द वन' म्हणतात. हा पाठ जेम्स ब्राउन नावाच्या गायकानं आपल्या साथीदारांकडून घोटून घेतला. त्यातलाच एक पोरगा, सिनसिनाटीचा बूट्सी कॉलिन्स, पुढे स्वतः मोठा झाला आणि त्यानं रॉजरबरोबर ही रेकॉर्ड बसवली. आपल्या मंडळात पखवाज चुकला की तुम्ही डोळे वटारायचात ना, तशीच ही माणसं.

रेकॉर्डवर सहाच गाणी आहेत. पहिलं 'मोअर बाउन्स टू द आउन्स', नऊ मिनिटांच्या वर. एवढ्या वेळात चाल बदलतच नाही. खाली सिंथेसायझरचा जाड, चिकट खर्ज, उसाच्या काकवीसारखा ओघळणारा. वर टाळी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. एकच चक्र फिरत राहतं. मूळचं 'फंकी बाउन्स' नावाचं दुसरंच गाणं होतं, त्याचा एक तुकडा ऐकून जॉर्ज क्लिंटन, हाही फंकमधला मोठा उस्ताद, म्हणाला की एवढाच तुकडा घ्या आणि फिरवत ठेवा, असं सांगतात. ते 'फंकी बाउन्स'ही ह्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आहे. मला त्या चक्रात मागांचा ठेका ऐकू येतो. लहानपणी मी डबा घेऊन यायचो तेव्हा शेडच्या दारात पाऊल टाकलं की पायाखालची फरशीच तालात असायची. तसंच काहीसं.

पण रेकॉर्ड विकत घेतली म्हणून हे पत्र नाही. पत्र आहे ते रॉजरच्या आवाजामुळे.

पहिल्यांदा लावली तेव्हा सुई टेकली आणि कुणीतरी बोलायला लागलं. माणूस की मशीन, कळेना. सूर वाद्याचा, पण त्याला ओठ आहेत, जीभ आहे. एक शब्द समजला नाही. माझ्या हातात चहाचा कप होता. तो तसाच धरून मी उभा राहिलो, कारण हा आवाज मी आधी ऐकला होता. आपल्या घरात. तुमचा.

आता हे कसं करतात ते सांगतो, तुम्हाला यंत्राची हौस आहे म्हणून. कीबोर्डचा आवाज एका छोट्या बंद डब्यातल्या स्पीकरमध्ये सोडतात. त्या डब्याला एक प्लॅस्टिकची नळी, माशांच्या काचपेटीला हवा सोडायची असते ना, तिच्यापेक्षा थोडी जाड. नळीचं दुसरं टोक गायकाच्या तोंडात, कोपऱ्यात, दाढेपाशी. गळा गप्प. गळ्यातून काही काढायचंच नाही. वाद्याचा आवाज नळीतून तोंडात शिरतो आणि हा नुसता ओठ, जीभ, जबडा हलवून त्याचे शब्द घडवतो. समोरचा माइक ते पकडतो. सूर बोटांचा, शब्द तोंडाचे. ह्याला टॉकबॉक्स म्हणतात. लाळ नळीत उतरते आणि दात थरथरतात. स्टीव्ही वंडरनं आणि पीटर फ्रॅम्प्टननं हे आधी केलं होतं, पण ते चवीपुरतं. रॉजरनं त्यात अख्खी जेवणाची पंगत उठवली.

लोक ह्याला व्होकोडर समजतात. ते वेगळं. तिथे विजेचं सर्किट शब्द घडवतं. इथे माणसाची जीभच घडवते. म्हणून हा आवाज कितीही यंत्राचा वाटला तरी त्यात थुंकी आहे, बाबा.

तुमच्या कपाटातल्या मशीनचं काम ह्याहून वेगळं नाही. ते टॉर्चसारखं यंत्र हनुवटीखाली, मानेच्या मऊ भागावर टेकवायचं, बटण दाबलं की ते घूं करतं, ती थरथर तोंडात जाते आणि शब्द तुमची जीभ घडवते. स्वरयंत्र काढलं म्हणून जीभ कुणी काढली नाही. इस्पितळातल्या बाईंनी काय सांगितलं होतं? तोंड मोठं उघडा, सावकाश बोला, छोटी वाक्यं करा. टॉकबॉक्स शिकवणारेही अगदी हेच सांगतात. मी बघितलं.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते सांगतो.

गेल्या दिवाळीच्या आधी, बाबा, तुम्ही त्या मशीनवरून मला पहिला फोन केलात. आईनं आधी सांगितलंही नव्हतं, तुम्हाला मला चकित करायचं होतं. मी गाडीत होतो. तुम्ही काहीतरी बोललात, बरंच बोललात. मी दोनदा "काय? काय?" केलं. मग म्हणालो, "बाबा, आवाज तुटतोय, नंतर करतो," आणि ठेवला.

आवाज तुटत नव्हता. रेंज पूर्ण होती. मी तसाच गाडीत बसून राहिलो, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये, अर्धा तास. चौकाच्या त्या टोकाला मंडळाची भैरवी सुरू झाली की ह्या टोकाला आई भाकरी तव्यावर टाकायची, तुमच्या आवाजावर. तो आवाज मला हवा होता आणि समोर आलेला मला सोसला नाही. त्यानंतर तुम्ही मशीन खोक्यात घातलंत आणि पाटी घेतलीत. आई म्हणाली, शेजारचं पोर हसलं म्हणून घातलं. पोर हसलं असेल. पण पोराच्या आधी मी होतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मला सांभाळून घेण्यासाठी तुम्ही ते पोरावर ढकललंत.

मागे व्हिडिओवर तुम्ही पाटी दाखवली होतीत. 'ह येत नाही. हरी कसा म्हणू?' मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. 'ह'ला छातीतला वारा तोंडातून यावा लागतो आणि तुमचा वारा आता गळ्यातल्या भोकातून जातो, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. 'पाणी' म्हटलं की 'बाणी' ऐकू येतं, तेही त्यातलंच.

पण मला त्या रेकॉर्डचं काय झालं ते ऐका. पहिल्या दिवशी शब्द कळला नाही. चौथ्या दिवशी अर्धे कळले. दोन आठवड्यांनी सगळे कळायला लागले आणि आता मला आठवतही नाही की त्यात न कळण्यासारखं काय होतं. तबकडी तीच. सुईही तीच. रॉजर काही माझ्यासाठी जास्त स्पष्ट म्हणायला लागला नाही.

मागच्या बाजूला 'बी ऑलराइट' नावाचं गाणं आहे. रेकॉर्डमधलं माझं सगळ्यात आवडतं. ('ब्रँड न्यू प्लेअर' मला अजून तितकंसं रुचलेलं नाही, गर्दी फार आहे त्यात.) हे संथ आहे, रात्री पाळी सुटल्यावर चालत घरी जावं तसं. सगळं ठीक होईल, एवढंच त्याचं म्हणणं. साध्या गळ्यानं कुणी म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, बरं बरं, होईल. पण नळीतून तो तेच म्हणतो तेव्हा मला ते पटतं. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित इतक्या खटाटोपानं कुणी खोटं बोलणार नाही म्हणून. पुढे १९९३ साली टुपाक नावाच्या पोरानं ह्याच गाण्याचा तुकडा घेऊन आपलं गाणं बांधलं. दोन वर्षांनी रॉजर स्वतः त्याच्या 'कॅलिफोर्निया लव्ह'मध्ये नळी घेऊन आला. ते गाणं तुम्ही नक्की ऐकलंय. माझ्या कॉलेजच्या वर्षात वरच्या खोलीत लावायचो आणि तुम्ही खालून काठी ठोकायचात.

शेवट वाईट झाला त्यांचा. भावांनी मिळून घरबांधणीचा धंदा काढला होता, तो बुडाला. २५ एप्रिल १९९९ ला डेटनमध्येच रॉजरला गोळ्या घातल्या गेल्या. घालणारा थोरला भाऊ लॅरी, ज्यानं बँड उभा करायला हात लावला होता तोच. मग त्यानं स्वतःलाही संपवलं. शेजारचे गृहस्थ हे सांगताना नळाखाली हात धुत राहिले, बराच वेळ. भाऊबंदकी आपण काही कमी बघितली नाही, पण हे ऐकून मी गप्पच झालो. रॉजरच्या अंत्यविधीला त्याच्या पुतण्यानं नळी तोंडात धरून 'अमेझिंग ग्रेस' म्हटलं. म्हणजे त्यांच्या चर्चमधलं भजनच. तिथे बसलेल्यांत कुणाला ते विचित्र वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कानाला तो घरचा आवाज होता.

बाबा, शेडमध्ये चाळीस माग एकदम चालायचे तेव्हा तुम्ही आणि तुमचे जोडीदार एकमेकांशी बोलायचात कसे? मी पाच-सहा वर्षांचा होतो, मला काही ऐकू येईना म्हणून रडायला लागलो. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलंत आणि बोटानं स्वतःचे ओठ दाखवलेत. मग ओठांनी म्हणालात, भूक लागली? मला कळलं होतं.

तर आता असं करू. मशीन खोक्यातून काढा. बॅटरी बरेच दिवस पडून आहे, आदल्या रात्री चार्जिंगला लावा, आई, तू लक्षात ठेव. रविवारी तुमच्या सकाळी साडेआठला मी व्हिडिओ कॉल करतो, माझ्याकडे शनिवार रात्रीचे अकरा असतील, घर शांत असतं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवा म्हणजे तुमचे ओठ दिसतील. हरिपाठापासूनच सुरू करा. 'ह' नाही आला तरी चालेल, तो मी इकडून घालतो, तुमच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलाय. मला कळलं नाही तर मी "परत म्हणा" म्हणेन. कितीही वेळा म्हणेन. फोन ठेवणार नाही.

ती रेकॉर्ड मी मोबाइलवर उतरवून पाठवतोय. आवाज थोडा खरखरीत आहे, सुईचा दोष. आई, तुला आवडणार नाही, तू स्वयंपाकघरात जा. बाबा, तुम्ही पहिलं गाणं पूर्ण ऐका, मध्ये बंद करू नका, आणि टाळी कुठे पडते ते मोजा.

पोरीनं खाली चित्र काढलंय. ते मासे नाहीत, मिरच्या आहेत.

तुमचा,
बंड्या