सोमवारी काउंटरवर बसण्याआधी

तासगाव,
शनिवार, रात्र

चि. गौरी हिस अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळच्या एसटीनं मी आणि मामा मिरजेला निघतोय. सोमवारपासून आपलं दुकान, म्हणजे लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र, तुझ्याकडे. काल जेवताना तू म्हणालीस, "आप्पा, मी बीसीएस केलंय, टॅब कसा उघडायचा ते मला शिकवू नका." खरं आहे तुझं. आवाज माझाच चढला. पण घरी आपण एकट्यासाठी दहा टॅब उघडतो आणि काउंटरवर दहा माणसांसाठी दहा टॅब उघडे असतात. या दोन्हींत फरक आहे, आणि तो काल मला नीट सांगता आला नाही. म्हणून लिहून ठेवतो.

क्रोम ब्राउझरमध्ये डावीकडचे पहिले तीन टॅब पिन केलेत: दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती. पिन केलेला टॅब आक्रसतो आणि त्याला फुली दिसत नाही, त्यामुळे घाईत चुकून फुलीवर क्लिक होऊन मिटत नाही. कंट्रोल-१ दाबलं की दाखले, कंट्रोल-२ सातबारा, कंट्रोल-३ शिष्यवृत्ती. कंट्रोल-९ म्हणजे मात्र नववा टॅब नव्हे, शेवटचा. कंट्रोल-टी नं उघडलेला नवा टॅब टोकालाच असतो, म्हणून हे नऊ फार कामाला येतं. पिनांचा क्रम बदलू नकोस. बोटांना तो पाठ होतो आणि नजर समोरच्या माणसावर ठेवता येते.

आता मुद्द्याचं. एकाच साइटवर दोन टॅबांत दोन माणसांचं लॉगिन करायचं नाही. टॅब दोन दिसले तरी ब्राउझर एकच, आणि लॉगिनची खूण, म्हणजे कुकी, ब्राउझरकडे असते, टॅबकडे नाही. पहिल्या टॅबात शिवाजीरावांचा अर्ज अर्धा भरलाय आणि दुसऱ्या टॅबात तू शांताकाकूंचं लॉगिन केलंस, तर पहिल्या टॅबात नाव शिवाजीरावांचंच दिसत राहतं, कारण ते पान आधीच उतरलेलं असतं. तिथं सेव्ह दाबलंस की साइटला मिळते काकूंची खूण. साइटनं चूक पकडली तर बाहेर काढेल. नाही पकडली तर एकाची जमीन दुसऱ्याच्या अर्जात. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, म्हणूनच मला याची धास्ती.

इन्कॉग्निटोनं, म्हणजे मिटल्यावर खुणा न ठेवणाऱ्या खाजगी खिडकीनं, हे सुटेल असं वाटतं, पण अर्धंच सुटतं. साधी खिडकी आणि इन्कॉग्निटो यांच्या कुकीज वेगळ्या, हे खरं. पण इन्कॉग्निटोच्या चार खिडक्या उघडल्यास तरी त्या चौघींचा कुकीजचा डबा एकच, आणि शेवटची खिडकी मिटेपर्यंत तो रिकामा होत नाही. म्हणून वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून मी दोन प्रोफाइल केलेत. निळं आपल्या केंद्राच्या लॉगिनचं, केशरी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या लॉगिनचं. प्रत्येकाच्या कुकीज निराळ्या. केशरी खिडकीत एका वेळी एकच माणूस. त्याचं काम झालं, पावती छापली, लॉगआउट केलं, की मगच पुढचा. रांग कुरकुरेल. कुरकुरू दे.

माउसचं तुला येतं, तरी एकदा वाच. लिंकवर चाक दाबलं की ती मागे नव्या टॅबात उघडते, आपण आहोत तिथंच राहतो. चाक नसलेल्या माउसवर कंट्रोल धरून क्लिक, तेच होतं. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरलंस तर नवा टॅब थेट समोर येतो. सूचनांची पीडीएफ अशीच उघडत जा, अर्जाचं पान सोडून जाऊ नकोस. पण काही साइटांवर मेनूतल्या लिंका खऱ्या लिंका नसतात, मागे प्रोग्रॅम चालतो. तिथं चाक दाबलं तर कोरा टॅब उघडतो नाहीतर काहीच होत नाही. साइट बंद पडली असं समजून माणसाला परत पाठवू नकोस, साधं क्लिक करून बघ.

तेच चाक टॅबच्या पट्टीवर दाबलं तर टॅब मिटतो, बहुतेक वेळा न विचारता. कंट्रोल-शिफ्ट-टी नं तो परत येतो, पुन्हा दाबलं तर त्याच्या आधी मिटलेला. पान परत येतं, पण भरलेल्या चौकटी येतीलच असं नाही. इन्कॉग्निटोतला तर टॅबसुद्धा येत नाही. म्हणून लांबलचक अर्जात दर पानाला ड्राफ्ट सेव्ह कर. रिलोडच्या गोल बाणावर चाक दाबलं तर त्याच पानाची दुसरी प्रत उघडते. पैसे भरायच्या पानावर हे अजिबात नको.

चाकाची आणखी एक खोड आहे, आणि ती कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. उत्पन्नाच्या चौकटीत ४८००० टाकलेस आणि कर्सर आणि माउसचा बाण तिथंच असताना पान खाली न्यायला चाक फिरवलंस, तर काही साइटांवर आकडाच हलतो. ४७९९९ होतो, ४७९९६ होतो. आकडा टाकला की आधी बाहेर कोऱ्या जागी क्लिक कर, मग चाकाला हात लाव. तालुका निवडल्यावर खालच्या बाणाची कळ दाबलीस तर तसंच, तालुका पुढच्यावर सरकतो.

हे लिहिताना तो जुना माउस आठवला, पोटात गोळी असलेला. तू गोळी काढून गोटी म्हणून अंगणात न्यायचीस आणि मी इकडे बाण का हलत नाही म्हणून माउस आपटत बसायचो. आज्जीला सगळं ठाऊक असायचं, पण बोलायची नाही. आता तुझी बोटं माझ्यापेक्षा दुप्पट पळतात. परवा दिवाणजींसमोर हे सांगितलं मी, तुला सांगितलं नव्हतं. पळणाऱ्या बोटांचीच जास्त काळजी वाटते, एवढंच. प्रत्येक सेव्हच्या आधी वर उजव्या कोपऱ्यातलं नाव आणि हातातल्या आधार कार्डावरचं नाव ताडून बघ. बराच वेळ उघडा राहिलेला टॅब असेल तर आधी एफ-५ दाब, म्हणजे खरं कोण आत आहे ते दिसेल. पण अर्धा भरलेला अर्ज असेल तर एफ-५ नं तोही पुसला जाईल, म्हणून तिथं सेव्हही नको आणि एफ-५ ही नको, नव्या टॅबात साइटचं पहिलं पान उघडून नाव बघ.

पुन्हा तेच सांगत बसलो. माफ कर. तुला कळलंय हे मला माहीत आहे.

म्हाताऱ्या माणसांना मजकूर दाखवताना कंट्रोल धरून चाक वर फिरव, अक्षर मोठं होतं. नंतर कंट्रोल-० कर, कारण तो मोठेपणा त्या साइटच्या सगळ्या टॅबांना लागतो आणि मग बटणं कडेला जाऊन दिसेनाशी होतात. पासवर्ड जतन करू का असं ब्राउझरनं विचारलं तर "कधीच नाही". संध्याकाळी डाउनलोडमधली आधार कार्डं पुसून टाक आणि रिसायकल बिनही रिकामं कर.

दुपारी दीड ते अडीच शटर अर्धं ओढ आणि जेव. आईला गोळ्यांची आठवण कर, ती विसरली असं म्हणणार नाही, पण विसरते. विम्याचे कागद प्रिंटरखालच्या खणात निळ्या फाइलीत आहेत. लागणार नाहीत.

केंद्राच्या लॉगिनचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. तो मोबाइल मामाजवळ असेल. सकाळी उघडल्यावर एकदाच लॉगिन कर आणि निळी खिडकी दिवसभर मिटू नकोस, म्हणजे सारखा फोन करावा लागणार नाही. मंगळवारी मात्र ओटीपीला दहाच्या आत फोन कर. नंतर मला आत नेतील. आधी केलास तर आकडे मीच सांगेन.

तुझा,
आप्पा