वर्गमुळातला य

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार. रेवाच्या वहीचा फोटो मिळाला. फोनवर सांगायला गेलो तर तू दर वाक्याला "कुठला क्ष?" विचारणार, म्हणून सरळ लिहायलाच बसलो.

गणित आहे √(७२क्ष^५य^२). तिचं उत्तर ६क्ष^२य√(२क्ष), आणि त्यातल्या य भोवती बाईंचा लाल गोल. तू म्हणतोस बाई चुकल्या. मला तसं वाटत नाही. पोरीनं काम मात्र नीटच केलंय. ७२ म्हणजे ३६ × २, त्यातून ६ बाहेर. पाच क्ष पैकी चार जोडीजोडीनं सुटले, एक आत राहिला. इथपर्यंत फक्कड.

घोळ आहे य चा. क्ष = २ आणि य = −३ घालून बघ. मुळाखाली ७२ × ३२ × ९, म्हणजे २०७३६. त्याचं वर्गमूळ १४४. रेवाच्या उत्तरात याच किमती घातल्या तर येतं −१४४! धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात, हे भास्कराचार्यांनी ११५० साली 'बीजगणिता'त सांगून ठेवलंय. पण √ हे चिन्ह त्यातलं धन तेवढंच घेतं. य ऋण असेल तर य हे ते मूळ नव्हेच, −य आहे. म्हणून √(य^२) = |य|. त्या दोन उभ्या रेघा म्हणजे केवलमूल्य (ऋण चिन्ह सोडून उरते ती किंमत), नववीच्या पुस्तकात आहे.

मग क्ष ला रेघा का नाहीत, असं ती विचारेलच (नाही विचारलं तर तू विचार). बाहेर आलाय तो क्ष^२, आणि वर्ग कधी ऋण नसतो. √(क्ष^६) असतं तर बाहेर क्ष^३ आला असता, तिथं रेघा लागल्या असत्या.

आता एक गंमत. तुझ्या फोटोत उदाहरणसंग्रहाची वरची ओळ कापली गेलीये. तिथं बऱ्याचदा "सर्व चल धन आहेत" असं छापलेलं असतं. तसं असेल तर रेघांची गरज नाही, रेवाचं उत्तर पूर्ण बरोबर, आणि तू खुशाल शाळेत जाऊन भांड. आधी ओळ वाच मात्र.

तिला √(क्ष^२ + ९) पण दे. क्ष + ३ म्हणाली, तर क्ष = ४ घालायला सांग: ५ येतात की ७?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या