काकूंच्या पंच्याहत्तरीचा केक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मीही दुकानात होतो. नीट बोलणं झालं नाही म्हणून रात्री सगळे झोपल्यावर लिहायला बसलोय. पत्र लांबेल. सावकाश वाच आणि वहिनींनाही वाचून दाखव, कारण ओव्हन त्यांच्या हाताखालचा आहे.

तू विचारलंस, "आईची पंच्याहत्तरी दसऱ्यानंतरच्या रविवारी. तिला शुगर आहे. शुगरफ्री केक चांगला कुठे मिळेल?" माझं म्हणणं असं, की तो केक मागवूच नकोस. घरी कर, आणि एकच कर, सगळ्यांसाठी. काकूंसाठी वेगळा छोटा डबा आणि बाकीच्यांसाठी मोठा क्रीमचा केक, एवढं मात्र करू नकोस. हे इतक्या आग्रहाने का सांगतोय ते ऐक.

माझ्या लेकीचा पाचवा वाढदिवस तुला आठवत असेल, तू आला होतास. केक कापला, पोरांनी गराडा घातला आणि अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत हातात खारीची बशी घेऊन बसले होते. तक्रार काहीच नव्हती, हसतही होते. पण लेक केकचा घास घेऊन त्यांच्याकडे धावली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजोबांना नको देऊ, त्यांना चालत नाही." तिचा हात तसाच हवेत राहिला. तो हात मला अजून दिसतो.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा करायला गेलो आणि एका दुकानातून त्यांच्यासाठी 'शुगरफ्री' केक आणला. गोडच होता, अण्णांनी आवडीने दोन तुकडे खाल्ले. रात्रभर पोट बिघडलं, पहाटेपर्यंत त्यांना उठाबशा. सकाळी मी खोका उलटून बारीक अक्षरं वाचली. माल्टिटॉल होतं त्यात. ते गोडीला साखरेच्या जवळ जातं, पण आतड्यात पुरतं शोषलं जात नाही. जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात. वर ते रक्तातली साखर थोडीफार वाढवतंच. शिवाय मैदा होताच, आणि मैद्याची शेवटी साखरच होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी काय खायला दिलं हे मी वाचलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, आता जे होईल ते घरात, आपल्या हाताने.

पहिला केक मी साखर पूर्ण वगळून केला. वर आलाच नाही. पांढुरका, चिवट, आणि दुसऱ्या दिवशी तर सुरीला जुमानेना. तेव्हा कळलं की केकमध्ये साखर नुसती गोडीला नसते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून केक मऊ राहतो. लोण्याबरोबर फेटताना तिच्या कणांमुळे हवा आत कोंडली जाते. अंडं आणि पिठातला स्टार्च घट्ट व्हायला साखरेमुळे उशीर लागतो, तेवढ्या वेळात केक फुगून घेतो. वरचा तपकिरी रंगही बराचसा तिचाच. म्हणून सगळी काढली तर केकच उरत नाही. पण चौथा हिस्सा काढला तर कुणाला कळत नाही, तिसरा हिस्सा काढला तर फक्त गोडखाऊंना कळतं. त्याहून जास्त काढायची असेल तर ओलावा दुसरीकडून आणावा लागतो: दही, पिकलं केळं, वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, भिजवलेला खजूर.

आकडे सांगतो, कारण तू हिशेबी माणूस. नेहमीच्या साध्या केकला आपण २०० ग्रॅम मैद्याला २०० ग्रॅम साखर घालतो. त्याचे ८ तुकडे केले तर एका तुकड्यात २५ ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगलं. मोठ्या माणसाला हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. निरोगी माणसाचा दिवसभराचा वाटा एका तुकड्यात संपला, अजून क्रीम लागलेलंच नाही! क्रीम म्हणजे १०० ग्रॅम लोण्याला २०० ग्रॅम आयसिंग शुगर. त्याच केकला १३० ग्रॅम साखर घाल आणि १२ तुकडे कर, एका तुकड्यात ११ ग्रॅम येते. अर्धं काम साखर कमी करण्याने होतं आणि अर्धं सुरीने.

आता गुळाचं. आमच्याकडे आत्याबाईंचं आणि माझं यावरून दोनदा कडक बोलणं झालं. "गूळ घातलाय, मग खाऊ दे की अण्णाला पोटभर!" गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं, पण एका तुकड्यातून मिळून मिळून किती मिळणार? बाकी ती साखरच. मधाचंही तेच. आणि खजुराचंही मी तुला लपवून सांगणार नाही. सुका खजूर वजनाच्या निम्म्याहून बराच जास्त साखरेचाच असतो. त्यात तंतू असतात, ओलावा येतो, चव भरदार लागते म्हणून मी तो वापरतो. पण 'साखर नाही घातली' असं म्हणून खजुराचा केक चार तुकडे खाल्ला तर मीटर ते बरोबर दाखवतं. अण्णांची एक वही होती. तारीख, काय खाल्लं, किती, आणि दोन तासांनी मीटरवरचा आकडा. आम्ही केलेला प्रत्येक पदार्थ त्या वहीत आहे. मला जे काही येतं ते त्या वहीने शिकवलं. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली, वही मी ठेवली आहे.

मग काकूंसाठी काय करायचं? मी खूप विचार केला आणि शेवटी उत्तर तुमच्याच घरात सापडलं. धोंडस, आपला काकडीचा कोकणी केक!

आठवतं का तुला? भाद्रपद सरता सरता परसातल्या मांडवावर तवशी, म्हणजे त्या मोठाल्या काकड्या, पिकून पिवळी व्हायची. तुझ्या हाताच्या लांबीचं एकेक. काकू ते किसायला बसायच्या आणि आपल्याला नारळ खवायला लावायच्या. जाड बुडाच्या टोपात सगळं मिश्रण, खाली चुलीचा मंद जाळ, वर झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे लाल निखारे. वरून-खालून आच. तो ओव्हनच होता, आपल्याला फक्त तो शब्द माहीत नव्हता. आणि टोपाच्या तळाला लागलेली ती खरपूस खरवड आपण दोघं चमच्याने ओरबाडून खायचो. आपला पहिला केक आपण काकूंच्या हातचाच खाल्लाय. मग त्यांच्या पंच्याहत्तरीला दुसरा कुठला हवा?

कृती लिहितो. मी गेली काही वर्षं हीच करतो.

पिकलेलं तवसं सोलायचं, टोकं आधी चाखून बघायची. कडू असेल तर सगळं फुकट जातं. बिया आणि आतला गर काढून किसायचं, सुटलेलं पाणी फेकायचं नाही. असा पाण्यासकट कीस २ वाट्या. तांदळाचा जाड रवा १ वाटी, तो २ चमचे तुपावर वास सुटेपर्यंत मंद भाजायचा. इथे घाई नको, अर्धी चव या भाजण्यात आहे. काकू वाटीला वाटी गूळ घालायच्या. मी अर्ध्या वाटीवर आलोय, वजनाने साधारण १०० ग्रॅम. ओलं खोबरं पाऊण वाटी, काजूचे तुकडे मूठभर, चिमूट हळद, चिमूट मीठ, वेलची सढळ हाताने आणि पाव चमचा जायफळ.

मीठ आणि जायफळ विसरू नकोस, त्यात युक्ती आहे. चिमूटभर मिठाने गोडी उठून येते. वेलची-जायफळाचा वास आपल्या डोक्यात गोडाशी असा जोडलेला आहे की जीभ फसते. ओल्या खोबऱ्याची स्वतःची गोडी असतेच. या तिघांच्या जोरावर अर्धा गूळ कमी केला तरी उणं वाटत नाही.

कीस आणि गूळ आधी गरम करायचा, गूळ विरघळला की रवा, खोबरं वगैरे घालून शिऱ्यापेक्षा जरा सैल होईपर्यंत ढवळायचं. तूप लावलेल्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. कडा सुटून वर तांबूस रंग आला आणि सुरी कोरडी निघाली की झालं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर टोप ठेवून मंद आचेवर तासभर, पण मग वरचा रंग येत नाही. पूर्ण निवल्याशिवाय कापू नकोस, भुगा होतो. कापून झाल्यावर तुकडे किंचित कोमट करून वाढ. कोमट पदार्थ गारापेक्षा गोड लागतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

१२ तुकडे केलेस तर एकात आठेक ग्रॅम गूळ येतो. पण तांदळाचा रवा आहेच, त्याचीही रक्तात साखर होणार. म्हणून त्या दिवशी काकूंच्या पानात भात किंवा पोळी थोडी कमी, कोशिंबीर-उसळ जास्त आणि धोंडस जेवणानंतर. रिकाम्या पोटी नको. आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: समारंभात जेवणाला उशीर होतो. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन काकू पाहुण्यांची वाट बघत बसल्या तर साखर एकदम उतरू शकते. अण्णांचं एका मुंजीत तसं झालं होतं, दरदरून घाम आणि हात थरथरायला लागले. तेव्हा कमी साखरेचा केक कामाचा नाही, तेव्हा साखरच द्यावी लागते. काकूंचं जेवण वेळेवर होऊ दे, पाहुणे येवोत न येवोत. औषधांचं वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घे.

मुलांना वर पांढरं काहीतरी लागतंच, नाहीतर त्यांना केक वाटत नाही. पाव किलो चक्का घे, त्यात २ चमचे पिठीसाखर आणि दुधात खललेलं केशर. बस्स. श्रीखंडाला चक्क्याइतकीच साखर घालतो आपण, इथे नावाला आहे. वर पिस्त्याचे काप आणि डाळिंबाचे दाणे. वाढायच्या आधीच लाव, आधीपासून लावून ठेवलं तर पाणी सुटतं.

सोबत नानकटाई कर. लहानपणी दिवाळीआधी आपण बेकरीत पीठ, तूप, साखर घेऊन रांगेत उभे राहायचो, भट्टीतून गरम पत्रे बाहेर यायचे. किलोभर मैद्याला अर्धा किलो साखर आणि अर्धा किलो तूप असा हिशेब असायचा. मी आता ७५ ग्रॅम नाचणीचं पीठ, ७५ ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम बेसन, १०० ग्रॅम तूप आणि ६५ ग्रॅम पिठीसाखर घेतो. नाचणी आधी कोरडी भाजून घ्यायची, नाहीतर कच्चट लागते. १६० अंशांवर वीसेक मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ असतात, हात लावू नकोस, गार होताना कडक होतात.

वहिनींना सांग, एकदा आधी करून बघा. आणि तुझ्या लेकीला जेवणाआधी काही सांगू नका. पहिल्या घासाला 'कमी साखरेचं' हे शब्द कानावर पडले की माणसं उणं काय आहे तेच शोधायला लागतात. आमच्याकडे महिना-दीड महिना सगळ्यांना अळणी-अळणी वाटलं. मग एका लग्नातला केक माझ्या लेकीने अर्धा ठेवून दिला, "बाबा, फार गोड आहे."

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचा निकाल आला तेव्हा भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं वाचलं. तेव्हापासून कुणाच्याही घरी काही घेऊन जायचं तर मी हेच नेतो. कुठल्याही पंगतीत खिडकीजवळ एक खुर्ची असतेच, मित्रा.

तवशी तिकडे ठाण्याच्या बाजारात तुला मिळणार नाहीत, मिळाली तरी कोवळी हिरवी. आमच्या मांडवावर तीन पिवळी राखून ठेवली आहेत, त्यातलं मोठं काकूंचं. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो, शनिवारी सकाळी दारात. दुपारी धोंडस लावू म्हणजे रात्रभर मुरेल. रवाही इथूनच दळून आणतो. तू फक्त जाड बुडाचा टोप, वेलची आणि पंच्याहत्तर दिव्यांची कणीक तयार ठेव. ओवाळणं झालं की पहिला तुकडा तुझ्या लेकीच्या हातून काकूंना द्यायचा.

आणि काकूंना आधी सांगू नकोस. सांगितलंस तर त्या स्वतःच किसणी घेऊन बसतील.

तुझाच,
वरच्या आळीतला