निकोटिन गम चावायचा कसा?

संपादक महोदय,

सिगारेट सोडायला निकोटिन गम आणणारे बरेच जण ‘फरक काही नाही, नुसत्या उचक्या’ म्हणत चार दिवसांत टपरीवर परततात. घोळ बहुधा चावण्यात असतो. च्युइंगमसारखा सलग चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते. मग उचकी, मळमळ, जळजळ. सावकाश चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, त्या ओसरल्या की पुन्हा चावून दुसऱ्या बाजूला. एक गम अर्धा तास पुरतो.

खरी अडचण आपल्या कटिंगची! चहा-कॉफी, सरबताने तोंड आम्लधर्मी होते आणि निकोटिन नीट शोषले जात नाही. आधीची १५ मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी.

उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर २ मिलिग्रॅम कमी पडतो. ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पहिले ६ आठवडे तलफेची वाट न पाहता दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत १२ आठवड्यांत बंद. समुपदेशनाचा मोफत क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो: १८००-११-२३५६.

– एक औषधविक्रेता, परळ