मॅडम, तो दोन रकान्यांचा कागद अजून माझ्याकडे आहे

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी तुम्ही आमच्या कॉलेजात तीन दिवस आलात आणि माझ्या संख्याशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर बसलात. फोनवर आभार मानले होते, पण ते अपुरे वाटतात. शिवाय ऑनलाइन आणि वर्गातलं शिकवणं यांची सांगड कशी घालायची, या कोड्यात माझ्यासारखे अनेक प्राध्यापक आज आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते.

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना होती. मी तिचा अर्थ असा लावला की वर्गातलं व्याख्यान रेकॉर्ड करून मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या व्यासपीठावर, टाकायचं. पन्नास-पन्नास मिनिटांचे व्हिडिओ! मुलं ते बघत नव्हती, आणि मी त्यांनाच दोष देत होते. तुम्ही दोष कोणालाच दिला नाहीत. फक्त विचारलंत, "चार क्रेडिटचे ६० तास. हे व्हिडिओ त्या साठात आहेत की साठावर?" ते साठावर होते. मुलांवर मी दीड अभ्यासक्रम लादला होता, हे तोवर ध्यानातच आलं नव्हतं.

मग तुम्ही कागदावर दोन रकाने आखलेत, 'घरी' आणि 'वर्गात'. ३६ तास वर्गाचे, २४ घरचे. एकच गोष्ट दोन्हीकडे लिहायची नाही, आणि घरी केलेलं काम हातात असल्याशिवाय वर्गाचा तास सुरूच होणार नाही, अशी तुमची अट. त्या संध्याकाळी आपण फक्त एका घटकावर चार तास बसलो. तुमच्या गाडीची वेळ टळली, तरी तुम्ही उठला नाहीत.

तो घटक होता मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो). आता त्याचा व्हिडिओ सहा मिनिटांचा आहे. आमच्या निम्म्या मुलांना रेंजसाठी सड्यावर जावं लागतं, म्हणून ती कॉलेजच्या वायफायवरच मूडलच्या अॅपमध्ये तो उतरवून घेतात. घरी करायचं काम एवढंच, की आपल्या वाडीत घरटी हापूसची कलमं किती ते मोजून आणायचं.

एका मुलीने नऊ घरांचे आकडे आणले. आठ घरांत पाच ते बारा कलमं, नवव्या बागायतदाराची तीनशे. सरासरी आली चाळीस. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, पण चाळीस कलमांचं घर आमच्या वाडीत एकही नाही!" वर्षभरात ती पहिल्यांदा बोलली होती.

मी फळ्यावर प्रश्न लिहिला : बागायतदाराने आणखी ९० कलमं लावली, तर मध्यक किती? हार्वर्डमध्ये एरिक मझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात जी पद्धत वापरू लागले, तीच तुम्ही मला शिकवली होतीत. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. आमच्याकडे उत्तर नोंदवायची यंत्रं नाहीत. मुलं निवडलेल्या पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीपाशी धरतात, म्हणजे एकमेकांची दिसत नाहीत. पहिल्या फेरीत बरीच बोटं चुकली. मग पाच मिनिटं वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. दुसऱ्या फेरीत जवळजवळ सगळ्यांनी बरोबर सांगितलं : सरासरी पन्नास झाली, मध्यक आठावरच राहिला. मी मधे एक शब्दही बोलले नव्हते. वीस वर्षं शिकवतेय मॅडम, पण त्या दिवशी घरी जाताना माझे डोळे भरून आले.

सगळेच घटक असे जमलेले नाहीत. संभाव्यतेचा घरचा भाग अजून फसतो. तिथे मुलं एकमेकांची उत्तरं उतरवतात, आणि त्यांनी स्वतः मोजून आणावं असं काही मला सुचलेलं नाही. दिवाळीनंतर तुम्हाला वेळ असेल तर त्यावर बसूया. या वेळी मुक्कामालाच या, परतीच्या गाडीची घाई नको.

त्या दिवशी डोकावून गेलेल्या सरांनीच परवा तो दोन रकान्यांचा कागद मागितला. त्यांना झेरॉक्स दिली. तुमच्या अक्षरातला मूळ कागद मात्र माझ्या हजेरीपटात आहे.

आपली,
एक संख्याशास्त्राची प्राध्यापिका