गीझरचं वय नको, ज्योत बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘गॅस गीझरला दहा वर्षं झाली की बदलून टाका’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला. आमचा गीझर अकरा वर्षांचा. गेल्या महिन्यात तो नुसता टकटक करायचा, पेटायचा नाही. घरात लगेच दोन तट पडले. मुलगा म्हणाला, ‘बाबा, द्या भंगारात.’ माझा हेका, ‘पेटला की पाणी तापतंय ना!’

मेकॅनिकने झाकण काढलं. दोन सेलपैकी एक फुगून पाझरला होता आणि पाण्याच्या दाबाने गॅस उघडणारा रबरी डायफ्रॅम कडक झाला होता. दोन्ही बदलायला अर्धा तास पुरला. मी जिंकल्याच्या थाटात मुलाकडे बघतोय तोच मेकॅनिकने बाथरूमचा दिवा घालवला. ‘काका, आता ज्योत बघा.’ बर्नरभर निळ्या ज्योती, पण उजव्या कोपऱ्यात दोन-तीन जिभा पिवळ्या, लांब, डुलणाऱ्या. बरोबर त्यांच्या वर तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी गच्च. छतावरचा काळा डाग मी ओल समजून इतके दिवस पुसत होतो!

पात्यांमधल्या फटी बुजल्या की जळलेला वायू वर निघत नाही, ज्योतीला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आम्ही मात्र ‘वास येत नाही, म्हणजे गळती नाही’ यावर निर्धास्त होतो. सिलिंडरच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि जळताना तोही जळून जातो. मागे उरणाऱ्या विषाला ना रंग, ना वास. आंघोळ करून आल्यावर आमच्या हिचं डोकं जड व्हायचं आणि हॉलमध्ये खिडकीशी बसलं की उतरायचं. त्याला आम्ही अशक्तपणा म्हणत होतो. (अशक्तपणा ठराविक दारापाशीच कसा येतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.)

म्हणून माझा आक्षेप वर्षांच्या आकड्याला आहे. सेल, डायफ्रॅम, ठिणगी पाडणारी पिन, सेन्सर हे बदलायचेच भाग. त्यांच्यासाठी गीझर मोडीत काढू नये. नळ बंद केल्यावरही ज्योत विझत नसेल तर मात्र गॅस तिथल्या तिथे बंद करावा. क्षार धरले असतील तर तेही काढता येतात. पण तांब्याची कॉइल पाझरायला लागली, पत्रा गंजून ज्योतीच्या बाजूने पोकळ झाला किंवा साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली, तर पाच वर्षांचा गीझरही काढावा. आमच्या कॉइलच्या सांध्यावर हिरवट बुरशीसारखा थर होता आणि तिथून थेंब बर्नरवर पडत होता. वाद तिथेच मिटला.

नवा आणला आणि मी तो जुन्याच खिळ्यांवर टांगायला निघालो. मुलाने हात धरला. बाथरूमची खिडकी आम्ही थंडीत घट्ट लावून घेतो. त्या डबीत नवाकोरा गीझरही तीच हवा वापरणार आणि तिथेच धूर सोडणार. शेवटी तो बाहेर, उघड्या गॅलरीच्या भिंतीवर बसवला. पाइप लांबला, गरम पाणी यायला आता अर्धी बादली थंड पाणी आधी सोडावं लागतं. ते झाडांना जातं, पण रोज सकाळी मी कुरकुरतो, हे कबूल.

एक विनंती. असा लेख पुन्हा छापाल, तेव्हा ‘दहा वर्षं’ या आकड्याऐवजी निळ्या आणि पिवळ्या ज्योतीची दोन छायाचित्रं शेजारी शेजारी छापाल का? तीही रंगीत पानावर.

आपला,
एक जुना वाचक