वजनाच्या आकड्याआधी नाडी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की उंची-वजनाच्या नोंदी सुरू होतात. सगळ्या वर्गासमोर काट्यावर उभे करायचे, आकडा मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्या मुलीने तो वहीत उतरवायचा, ही पद्धत अजूनही बऱ्याच ठिकाणी चालते. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते, वर्षात पाच-सात किलो वजन वाढते. ती वाढच आहे. नेमके त्याच वर्षी ‘जाडी झालीस’ कानावर पडते आणि भात-चपाती सुटते.

घरी हे उशिरा कळते, कारण सुरुवातीला कौतुकच होते. गोड सोडले, तळलेले सोडले, संकष्टीच्या जोडीला सोमवार, गुरुवार, शनिवार धरले. पण खिचडीलाही हात न लावणारी, उपवास सोडायच्या वेळी ‘भूकच मेली’ म्हणणारी मुलगी उपवास करत नाही, उपासमार करून घेते. तिच्या ताटाकडे पाहा. एका चपातीचे वीस तुकडे, भाजी ताटभर पसरलेली, पाऊण तास झाला तरी आमटी तशीच. एप्रिलच्या उन्हातही अंगात स्वेटर. पाळी चुकलेली. हा अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार.

जेवण झाले की लगेच बाथरूम आणि नळ सोडलेला, कानाखाली जबड्याशी सूज, दातांची आतून झीज, हा वेगळा आजार: बुलिमिया, म्हणजे खाऊन मुद्दाम उलटी करणे. यात वजन बहुतेकदा नेहमीएवढेच असते, म्हणून ‘दिसते तर ठणठणीत’ यावर विसंबू नये. मुलगेही खाण्याच्या अशा आजारांतून सुटलेले नाहीत. त्यांच्याकडे आजार पिळदार शरीराच्या नावाखाली येतो: घरचे जेवण बंद आणि प्रोटीन पावडरचे डबे.

शंका आली तर नाडी मोजा. मुलाला पाच मिनिटे शांत आडवे होऊ द्या. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला आपली दोन बोटे ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याचीच नाडी लागते. ठोके पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणले की एका ठोक्याची चूक चारची होते. दिवसा, जागेपणी 50 पेक्षा कमी ठोके, उभे राहताच भोवळ, किंवा चार-पाच दिवस पोटात जवळजवळ काही नाही, यातले एक जरी आढळले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपाशी शरीर इंधन वाचवायला हृदय मंद करते. तिथे ईसीजीसोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरसही तपासायला सांगा.

सगळ्यात घातक चूक यानंतर होते. घाबरलेले घर पहिल्याच दिवशी शिरा, लाडू, ग्लुकोजचा मारा करते. फार दिवस उपाशी शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. खंगलेल्या मुलाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचा.

तब्येत स्थिरावली की घराचे काम सुरू. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तयार झालेल्या उपचारपद्धतीत ताट मुलाने नाही, आईवडिलांनी वाढायचे. तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा खाणे. मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी बसायचे, नंतरही तासभर सोबत राहायचे. कॅलरी, वजन, ‘मावशीची मुलगी बघ’ हे ताटावर नको. ‘एवढे संपव, मी बसलेय’ पुरे. रडारड होते, ताट ढकलले जाते. तरी ताट उचलू नये. हे सहा महिने ते वर्षभराचे काम आहे, त्यात आईवडील थकतात. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.

शाळांना एकच विनंती: वजन पडद्याआड घ्यावे, आकडा उच्चारू नये, बंद पाकिटातून पालकांना द्यावा. आणि गेल्या वर्षीची नोंद शेजारी ठेवावी. वजन घटलेले किंवा वर्षभर तिथेच अडकलेले मूल दिसले, तर पालकांना त्याच आठवड्यात बोलवावे.

— एक आहारतज्ज्ञ, नाशिक